शो जिंकूनही शिल्लक घटते? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधूया

घोडे पाळायचे, त्यांना ट्रेनिंग द्यायचं, शोमध्ये उतरवायचं आणि बक्षिसाच्या नाण्यांवर तबेला चालवायचा, अशा ऑनलाइन खेळांत एक तक्रार मी सतत ऐकते. "रोज ट्रेनिंग देतो, रोज शो लावतो, रिबनीही येतात, पण नाणी टिकत नाहीत." (पहिल्या तिघांत आलं की मिळते ती रिबन.) माझ्या स्वतःच्या तबेल्यात हे तीनदा झालं. क्लबमधल्या बऱ्याच जणांच्या तबेल्यात शेजारी बसून मी ते दुरुस्त केलंय. कारण दर वेळी थोडं वेगळं निघतं, पण शोधायचा क्रम तोच राहतो. तोच इथे लिहितेय.

आधी माझं मत सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात राहील. नाणी घटायला लागली की पहिला संशय घोड्यावर जातो आणि माणूस उरलीसुरली शिल्लक घालून नवा, महागडा घोडा विकत घेतो. मी पाहिलेल्या तबेल्यांत घोडा क्वचितच दोषी होता. तो चुकीच्या वर्गात उतरवलेला असायचा, नाहीतर त्याच्या कमाईवर न कमावणारे दहा घोडे जेवत असायचे. म्हणून खालची तपासणी पूर्ण होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

एकेका खेळात नावं वेगळी असतात. कुठे लेव्हल, कुठे क्लास, कुठे ग्रेड. खालचे आकडेही हिशोब समजावा म्हणून मी धरलेले आहेत, त्या जागी तुमच्या खेळातले आकडे घाला.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- आठवड्यात दोन-तीन पहिले नंबर येतात, तरी रविवारची शिल्लक सोमवारपेक्षा कमी असते.
- घोडा काही दिवस धडाधड जिंकतो आणि मग अचानक सहाव्या-सातव्या नंबरावर अडकतो.
- ट्रेनिंगचं बटण दाबलं जातं, एनर्जी जाते, पण आकडा हलत नाही किंवा अगदी नखभर हलतो.
- सकाळी लावलेले शो बरे जातात, रात्रीचे सगळे पडतात. किंवा बरोबर उलट.
- चारा भरायला पैसे कमी पडतात म्हणून दर आठवड्याला एखादा घोडा विकावा लागतो.

शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट. विकून आलेला पैसा कमाईसारखा दिसतो आणि खरी गळती महिनाभर झाकून ठेवतो.

पहिली तपासणी: सात दिवसांची वही

याला एक नाणं लागत नाही, दिवसाला पाच मिनिटं लागतात. तरी लोक हीच टाळतात.

कागद घ्या किंवा फोनमधली नोंदवही उघडा. रोज एकाच वेळी, शक्यतो खेळातला दिवस बदलण्याच्या जरा आधी, चार आकडे लिहा: भरलेली एन्ट्री फी, मिळालेलं बक्षीस, चारा-तबेला-नाल यांचा खर्च, आणि शिल्लक. घोडे विकून किंवा रोज लॉगिन केल्याबद्दल मिळालेली नाणी वेगळ्या रकान्यात टाका, कमाईत मिसळू नका.

इतका आग्रह का, ते एका शोच्या हिशोबातून दाखवते. समजा एन्ट्री फी ५० नाणी आहे आणि शोमध्ये १० घोडे आहेत. जमा झाले ५००. बक्षिसं आहेत २००, १२० आणि ८०, म्हणजे एकूण ४००. उरलेली १०० नाणी खेळच ठेवून घेतो. आता दहाही घोडे अगदी सारख्या ताकदीचे असतील तर प्रत्येकाला सरासरी ४० परत मिळणार आणि त्याने भरलेत ५०. म्हणजे बरोबरीच्या घोड्यांत उतरलेला चांगला घोडा दर एन्ट्रीला १० नाणी घालवतो. त्यात त्याचा काही दोष नाही.

नुसती फी भरून निघायला किती वेळा पहिल्या तिघांत यावं लागेल? तिन्ही बक्षिसांची सरासरी १३३ धरा. ५० भागिले १३३ म्हणजे साधारण ३७ ते ३८ टक्के. बरोबरीच्या मैदानात मात्र तुमची शक्यता ३० टक्केच आहे. यात चारा अजून धरलेलाच नाही. घोड्याचा दिवसाचा खर्च ६० असेल आणि तो दिवसाला पाच शो करत असेल, तर दर एन्ट्रीवर आणखी १२ चढतात. मग १०० पैकी ४७ वेळा रिबन आली तरच हातातोंडाची गाठ पडते.

हा आकडा तुमच्या खेळाच्या फीवरून एकदा काढून ठेवा. मी त्याला तबेल्याची "तगून राहण्याची टक्केवारी" म्हणते. पुढे तो लागेल.

आणखी एक गोष्ट. बहुतेक खेळांत निकालात थोडं नशीब मिसळलेलं असतं, म्हणून दहा शो पाहून घोड्याला नापास करू नका. ज्या घोड्याची खरी शक्यता ३० टक्के आहे, त्यालाही दहा एन्ट्रींत एक किंवा शून्य रिबन मिळण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते. निदान ५० एन्ट्री होऊ द्या. क्लबमधल्या एका मुलाने आठ शो हरलेली घोडी मातीमोल किमतीत विकली. नव्या मालकाकडे ती महिनाभर कमावत राहिली आणि हा रोज तिची पाटी, म्हणजे खेळातलं तिच्या माहितीचं पान, पाहून हळहळत राहिला.

दुसरी तपासणी: आधी काय आणि नंतर काय

यालाही खर्च नाही. फक्त रोजच्या कामांचा क्रम बदलायचा.

चारा, पाणी, खरारा, नाल, विश्रांती ही कामं बहुतेक खेळांत तीन आकड्यांवर परिणाम करतात: एनर्जी, तब्येत आणि मूड. शोचा निकाल काढताना खेळ हे आकडे कौशल्याच्या जोडीला धरतो. ट्रेनिंग आणि शो दोन्ही एकाच एनर्जीतून खातात. सकाळी उठून आधी ट्रेनिंग उरकलं आणि मग शो लावले, तर घोडा रिंगणात दमूनच उतरतो. पाटीवर कौशल्य २१० दिसतं आणि निकाल १८० च्या घोड्यासारखा येतो.

म्हणून कमावत्या घोड्याचा दिवस असा लावा: चारा-पाणी, खरारा, शो, आणि उरलेल्या एनर्जीत ट्रेनिंग, तेही उरली तर. शिकणाऱ्या घोड्याचा दिवस वेगळा, त्याने शोच करायचा नाही. एकाच दिवशी एकाच घोड्याकडून दोन्ही कामं घेण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि त्यात दोन्ही अर्धवट राहतात.

इथेच खेळाचं घड्याळ पाहा. दिवस तुमच्या घड्याळाने नाही, सर्व्हरच्या घड्याळाने बदलतो. काही खेळांत शो लावल्याक्षणी निकाल येतो, काहींत एन्ट्री जमा होते आणि दिवस बदलताना सगळे निकाल एकदम लागतात. दुसरा प्रकार असेल तर एन्ट्री केल्यानंतर दिलेल्या ट्रेनिंगनेही निकालाच्या वेळची एनर्जी खाली जाते. "सकाळचे बरे, रात्रीचे पडतात" या लक्षणाचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलंय. मदतीच्या पानावर हा नियम एका ओळीत दिलेला असतो. तो शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खोगीर, लगाम, नाल यांचीही नजर टाका. काही खेळांत ती झिजतात, मुदत संपते, किंवा घोडा वरच्या लेव्हलला गेला की जुनं सामान लागू होत नाही. चित्रात खोगीर दिसतं, पण त्याची भर शून्य असते.

तिसरी तपासणी: घोडा कोणत्या खेळाचा आहे

शोचे प्रकार दिसायला सारखे असले तरी प्रत्येकात मोजलं जाणारं कौशल्य वेगळं असतं. २००५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या हाउर्स या ऑनलाइन खेळात घोड्याची सहा कौशल्यं आहेत: दम, वेग, ड्रेसाज, गॅलप (भरधाव दौड), ट्रॉट (दुडकी चाल) आणि जंपिंग. प्रत्येक स्पर्धेत त्यातली तीनच धरली जातात. इतर खेळांतही थोड्याफार फरकाने हीच रचना दिसते. म्हणजे सहाही कौशल्यांची बेरीज मोठी असलेला घोडा, त्या स्पर्धेच्या तीन कौशल्यांत सरस असलेल्या छोट्या बेरजेच्या घोड्याकडून हरतो. लोक बाजारात बेरीज पाहून घोडा घेतात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

नियम डोक्यात राहत नसतील तर खऱ्या मैदानावरच्या स्पर्धा आठवा, हे खेळ त्यांच्यावरच बेतलेले असतात. ड्रेसाजमध्ये अडथळा नसतोच. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण मिळतात, चालीची लय आणि स्वाराच्या इशाऱ्याला मिळणारा प्रतिसाद पाहिला जातो. तिथे जंपिंगचा आकडा काय कामाचा? शो जंपिंगमध्ये दांडी पाडली की चार दोष लागतात. बॅरल रेसिंगमध्ये तीन पिंपांभोवती तिपानी वळणं घेत वेळ गाठायची असते आणि पिंप पडलं की पाच सेकंद वाढतात, म्हणून तिथे वेग आणि वळण. इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि जंपिंग असे तीन टप्पे, तिथे मात्र सगळीकडे बरा असलेला घोडा चालतो. या प्रतिमा डोळ्यांसमोर ठेवल्या की कोणत्या शोला कोणतं कौशल्य लागेल याचा अंदाज येतो. मग मदतीच्या पानावर खात्री करून घ्या.

करायचं इतकंच: घोड्याची सगळ्यात वरची तीन कौशल्यं लिहा, ती तिन्ही किंवा निदान दोन ज्या स्पर्धेत मोजली जातात ती शोधा, आणि पुढच्या ५० एन्ट्री फक्त तिथेच लावा. घोडी दिसायला जंपिंगची वाटते, तिचं नाव "झेप" आहे, आई-बाप जंपिंगचे चॅम्पियन होते, यातलं काही मोजू नका. आकड्यांवर जा.

चौथी तपासणी: लेव्हल. बहुतेकांचं दुखणं इथे आहे

इथे जरा थांबते, कारण मी सोडवलेल्या तबेल्यांपैकी निम्म्याहून जास्त इथेच अडले होते, आणि माझाही.

माझा "वादळ" नावाचा घोडा तिसऱ्या लेव्हलला जंपिंग करायचा. त्याचा आकडा २१०, समोरचे १८० ते २०० मधले. दोन आठवडे तो रोज रिबनी आणत होता. प्रत्येक रिबनीबरोबर गुण साठत होते, आणि एका सकाळी खेळाने त्याला आपोआप चौथ्या लेव्हलला चढवलं. वर गेल्याबद्दल सुंदर पट्टी आली, मला आनंद झाला, आणि मी नेहमीप्रमाणे पाच शो लावले. फी ५० ची ९० झाली होती, ते पाहिलं नाही. समोरचे घोडे २६० ते ३०० चे होते, तेही पाहिलं नाही. ११ दिवस, रोज पाच, म्हणजे ५५ एन्ट्री. भरले ४,९५० आणि तिसरा नंबर दोनदा आला, म्हणून मिळाले २८०. चारा सोडून ४,६७० नाणी गेली, आणि त्या ११ दिवसांत मी त्याचं खोगीर बदललं, चारा बदलला, नालही बदलली. लेव्हलकडे लक्ष गेलं ते बाराव्या दिवशी, एन्ट्रीच्या यादीत समोरच्या एका घोड्याच्या पाटीवर सहज बोट पडलं तेव्हा.

मग मी त्याचे शो बंद केले. दिवसाला ट्रेनिंगने तीन गुण वाढायचे, २१० वरून २७० ला जायला २० दिवस लागले. त्या खेळात ट्रेनिंगला एनर्जी लागते, नाणी नाहीत, त्यामुळे खर्च फक्त खाण्याचा: २० दिवसांचे १,२००. नुसता उभा राहून शिकणारा घोडा, हरत पळणाऱ्या घोड्यापेक्षा इतका स्वस्त पडतो. हे गणित पटायला अवघड जातं, कारण शो न लावलेला दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

तर तपासायचं असं. एन्ट्री करण्यापूर्वी आधीच नाव लागलेल्या घोड्यांची यादी उघडा आणि पाच जणांचे त्या स्पर्धेतले आकडे पाहा. तुमचा घोडा त्यांच्यात वरच्या तिघांत बसत नसेल तर फी भरू नका. जिथे यादी दिसत नाही तिथे मागच्या निकालातल्या पहिल्या तिघांच्या पाट्या पाहा. एका शोला एक मिनिट लागतं.

चढती आपोआप होत असेल तर उपाय आधीच करायचा असतो, नंतर केला तर ते वरातीमागून घोडं. खालच्या लेव्हलला असतानाच घोड्याला पुढच्या लेव्हलच्या मधल्या आकड्यापर्यंत शिकवून घ्या आणि मगच जास्त शो लावा. काही खेळांत चढती नाकारता येते, काहींत गुणांची हद्द पाटीवर दिसते. हद्द जवळ आली की दोन दिवस थांबून तयारी पाहा.

शोमध्ये किती घोडे आहेत हेही याच वेळी पाहा. बक्षीस एन्ट्री फीतून जमत असेल तर तिघांच्या शोमध्ये पहिला येऊनही हाती फारसं लागत नाही. बक्षीस ठरावीक असेल तर मात्र तोच रिकामा शो सोन्याचा. तुमच्या खेळात कोणती पद्धत आहे ते वहीतल्या दोन निकालांवरून लगेच कळेल.

पाचवी तपासणी: ट्रेनिंग वाया जातंय का

आकडा हलत नसेल तर दोन शक्यता. एक, ते कौशल्य त्या घोड्याच्या जन्मजात हद्दीला पोचलंय. बऱ्याच खेळांत शिंगराला आई-बापांकडून एक कमाल मर्यादा मिळते, आणि हद्द जवळ आली की दर ट्रेनिंगला मिळणारी भर कमी होत जाते. दोन, वय. काही खेळांत ठरावीक वयानंतर ट्रेनिंग थांबतं किंवा मंदावतं.

सलग तीन दिवस ट्रेनिंगआधीचा आणि नंतरचा आकडा दशांशासकट लिहा. दर ट्रेनिंगची भर सुरुवातीच्या चौथ्या हिश्शावर आली असेल तर ते कौशल्य सोडून स्पर्धेला लागणाऱ्या दुसऱ्या कौशल्यावर जा. तिथेही हद्द आली असेल तर घोडा शिकून झाला. आता तो कोणत्या लेव्हलला तगतो ते पाहायचं, तिथेच ठेवायचा, आणि त्याच्यावर ट्रेनिंगचा वेळ घालवायचा नाही.

सहावी तपासणी: कमावतो कोण, खातो कोण

इथून पुढे मनाला लागणारं काम आहे, म्हणून ते उशिरा ठेवलं.

क्लबमधल्या एका मैत्रिणीकडे ४३ घोडे होते. तिच्या वहीत सगळं नीट दिसत होतं: कमावणारे नऊ, प्रत्येकी फी वजा जाता दिवसाला २२० नाणी, म्हणजे १,९८०. खाणारे मात्र ४३, प्रत्येकी ६०, म्हणजे २,५८०. रोज ६०० ची घट. नऊही घोडे उत्तम होते आणि ती दहाव्या चॅम्पियनच्या शोधात बाजार पालथा घालत होती. आम्ही दोघींनी बसून यादी केली. उरलेल्या ३४ पैकी कोण शिकतंय, कोणाची शिंगरं खरोखर विकली जातात, आणि कोण नुसतं खायला काळ अन् भुईला भार. वीस घोडे विकले. खर्च १,३८० वर आला, कमाई तेवढीच राहिली, आणि ६०० ची घट ६०० ची बचत झाली. शोमध्ये काहीच बदललं नव्हतं.

तिला जड गेलं ते "पहिलं शिंगरू आहे", "रंग किती छान आहे" असे घोडे सोडणं. एक-दोन आवडीचे जरूर ठेवा, त्यासाठीच तर खेळतो. फक्त त्यांचा खर्च वहीत आवडीच्या रकान्यात लिहा, कमाईच्या हिशोबात नको.

विकताना मागितलेल्या किमती पाहू नका, झालेले सौदे पाहा. बाजारात तीन आठवडे पडून असलेल्या घोड्यावर लिहिलेली किंमत ही किंमत नव्हे.

ब्रीडिंगही याच हिशोबात बसवा. स्टड फी (पैदाशीसाठी नर घोड्याच्या मालकाला द्यायची फी), घोडीचा शोमधून बाहेरचा काळ आणि शिंगरू शिकेपर्यंतचं खाणं, तिन्ही धरा. खरी घोडी सुमारे ११ महिने गाभण असते, खेळात ते दिवसांवर आणलेलं असतं, पण तेवढे दिवस कमाई नाही हे तसंच राहतं. रंगाच्या मागे लागून केलेलं ब्रीडिंग बहुतेकदा नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा होतं: विकायच्या पाटीवर देखणं, रिंगणात आठवं. ज्या खेळांत खरं जनुकशास्त्र घेतलंय तिथे आणखी एक जपा. फ्रेम नक्षीचं (अंगावर पांढरे पट्टे आणणारं) जनुक असलेली नर-मादी जोडी लावली तर चारातलं एक शिंगरू पांढरं जन्मतं आणि जगत नाही. खऱ्या घोड्यांतही हे होतं, त्याच्या आतड्यातल्या मज्जापेशी घडतच नाहीत. जोडी लावण्याआधी दोघांची जनुक चाचणी करून घ्या. जवळच्या नात्यातली जोडीही टाळा. सख्ख्या भावंडांच्या शिंगरात अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांच्या शिंगरात १२.५ टक्के येतो, आणि काही खेळ त्यावरून कौशल्याची हद्द खाली आणतात.

हाउर्स खेळणाऱ्यांना ब्लप हा शब्द माहीत असतो, तिथे तो उणे १०० ते अधिक १०० असा चालतो. हा शब्द खऱ्या पशुपैदाशीतून आलाय. तिथे ती जनावराच्या आणि त्याच्या नातलगांच्या नोंदींवरून पैदाशीचं मूल्य काढायची संख्याशास्त्रीय पद्धत आहे. मला ते आवडतं, कारण त्यात एकट्या घोड्याचं दिसणं मोजत नाहीत, सगळ्या घराण्याची कामगिरी मोजतात. जोडी निवडताना हीच नजर ठेवा: आई-बापाची एक रिबन पाहू नका, त्यांच्या पाच-सात भावंडांचे निकाल पाहा.

सातवी: तबेला नव्याने बसवणं

वरचं सगळं करूनही दुसऱ्या सात दिवसांच्या वहीत घट दिसत असेल तरच इकडे या, कारण याला महिना-दीड महिना जातो.

एकच स्पर्धा निवडा. तिच्यातले तीन सर्वांत चांगले घोडे ठेवा, एक जोडी पैदाशीला, बाकी विकून टाका. आलेल्या पैशातून ३० दिवसांचा चारा बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. तिन्ही घोडे त्यांच्या लेव्हलला पहिल्या तिघांत बसेपर्यंत शो बंद, फक्त ट्रेनिंग. मग एकेक घोडा उतरवा, ५० एन्ट्रींची टक्केवारी तगून राहण्याच्या टक्केवारीवर गेली की दुसरा. चौथा घोडा घ्यायचा तो या तिघांच्या बचतीतूनच. मी हे एकदाच केलं. पहिले दोन आठवडे खेळ उघडावासा वाटत नाही, तिसऱ्या आठवड्यापासून वही सुधारायला लागते.

इथे हात थांबवा आणि दुसऱ्याला बोलवा

काही बिघाड तुमच्या हातात नसतात. तिथे प्रयोग करत बसलात तर नुकसानच होतं.

निकालात नंबर दिसतो पण बक्षीस शिलकीत येत नाही, एकाच एन्ट्रीची फी दोनदा कापली जाते, ट्रेनिंगचा आकडा वाढण्याऐवजी घटतो, किंवा विकलेला घोडा गेला पण पैसे आले नाहीत: यातलं काहीही दोनदा झालं तर त्या घोड्याचे शो तिथेच बंद करा आणि खेळाच्या सपोर्टला लिहा. घोड्याचा क्रमांक, शोचा क्रमांक, सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे वेळ, आधीची आणि नंतरची शिल्लक, दोन्हींचे स्क्रीनशॉट. एका पत्रात एकच तक्रार. तुमची वही इथे पुरावा म्हणून कामाला येते. "माझी नाणी गायब होतात" एवढंच लिहिलेल्या पत्राला कोणी काही करू शकत नाही. उत्तर येईपर्यंत तीच कृती पुन्हा करून पाहू नका, नोंदी एकात एक मिसळतात आणि त्यांनाही उलगडत नाही.

तुमच्या नकळत घोडे विकले गेले असतील तर आधी पासवर्ड बदला, मग सपोर्ट. मदत करतो म्हणून कोणी पासवर्ड मागितला, क्लबचा जुना सदस्य असला तरी, देऊ नका. स्वस्तात नाणी विकणारे बाहेरचे लोक, आपोआप बटणं दाबणारे प्रोग्रॅम आणि दुसऱ्या खात्यातून नाणी वळवणं यांच्या वाटेलाही जाऊ नका. बहुतेक खेळांच्या नियमांत याला खातं बंद होण्याची शिक्षा आहे, आणि मग सपोर्टही तुमची बाजू घेऊ शकत नाही.

खरा पैसा दोनदा कापला गेला असेल तर सपोर्टबरोबर त्याच दिवशी बँकेला किंवा कार्ड देणाऱ्यालाही कळवा. तिथे तक्रार करायला मुदत असते, आणि खेळाकडून उत्तर यायची वाट पाहण्यात ती निघून जाते.

आणखी एक प्रसंग आहे, त्यात मी स्वतः कोणाला शिकवत बसत नाही. तबेल्याची घट भरायला कोणी पुन्हा पुन्हा खरा पैसा घालत असेल, ठरवूनही थांबत नसेल, झोप-अभ्यास-काम मागे पडत असेल आणि घरी लपवावं लागत असेल, तर वरची एकही तपासणी त्या माणसाच्या कामाची नाही. खेळावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्यापेक्षा खेळाला वर ठेवणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर म्हणून आहे, आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तसं निदान करायला साधारण १२ महिन्यांचं वागणं पाहिलं जातं. मदत मागायला मात्र १२ महिने थांबायचं कारण नाही. खेळातून कार्ड काढून टाका, घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा आणि समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. तोवर क्लबमधलं कोणीतरी तुमच्या घोड्यांना चारा घालेल. आमच्या क्लबमध्ये एकाचे सतरा घोडे आम्ही चार महिने असे सांभाळले. तो परत आला तेव्हा त्याने त्यातले पाच ठेवले आणि बाकीचे आम्हालाच देऊन टाकले.